शेवटच्या 'सा'खाली काय वाजवायचं? कॉर्ड बदलायला शिकणाऱ्यांसाठी

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत कीबोर्ड वाजवणारा माणूस राहत असेल, तर वर्षातून निदान दहा वेळा त्याला क्लब हाऊसमध्ये बोलावून एकच गाणं वाजवायला लावतात: वाढदिवसाचं. मी ते कित्येक वर्षं सी, एफ आणि जी या तीन कॉर्ड्सवर वाजवत आलो. मग ऐरोलीच्या ऑफिसातल्या एका गिटारवाल्या मित्राने जॅझचा नाद लावला, ट्रायटोन सब नावाची चीज (एका कॉर्डच्या जागी दुसरीच बसवायची जॅझची युक्ती) हाती लागली आणि त्याच आठवड्यात एका पाच वर्षांच्या मुलीच्या वाढदिवसाला मी ती शेवटच्या ओळीत घुसवली. टाळ्या विस्कटल्या. मुलीच्या आजी गाणं शिकलेल्या. त्या वळून म्हणाल्या, "कीबोर्ड बिघडला का रे?"

कीबोर्ड ठणठणीत होता. सगळे गात होते शुद्ध रे आणि माझ्या डाव्या हातात होता कोमल रे. नियमाने कॉर्ड बरोबर होती, त्या जागी चूक होती. हा लेख त्या जागा ओळखायला शिकण्याबद्दल आहे. तुम्हाला मेजर, मायनर कॉर्ड्स धरता येतात आणि साधं गाणं साथीला वाजवता येतं, एवढं मी गृहीत धरतो.

आधी ट्रान्सपोजचं बटण शून्यावर आणा

गायक "काळी चार" म्हणाला की बटण दाबायचं आणि बोटं पांढरी एकमध्येच चालवायची, ही आपल्याकडची सवय. कार्यक्रमात खपते. शिकताना मात्र दिसतं एक आणि ऐकू येतं दुसरं, त्यामुळे महिनाभर बटणाला हात लावू नका. इथलं सगळं पांढरी एकमध्ये आहे, म्हणजे सी हा सा, डी हा रे, असं सरळ. गिटारवाल्यांनी कॅपो काढून ठेवावा.

याशिवाय मोबाइलचा रेकॉर्डर लागेल. आणि गाणारं एखादं माणूस, जे तुमच्यावर चिडू शकेल असं. बहीण चालेल, बायको उत्तम.

एक सा, सात कॉर्ड्स

उजव्या हाताच्या करंगळीने वरचा सा दाबून धरा. सोडायचा नाही. आता डाव्या हाताने त्याखाली एकेक कॉर्ड वाजवा, प्रत्येक चार मात्रा: सी, ए मायनर, एफ, एफ मायनर, ए फ्लॅट, डी मायनर सेव्हन, डी फ्लॅट मेजर सेव्हन.

सूर तोच आहे, पण तो दर वेळी वेगळा वाटतो. सीवर तो घरी बसलेला असतो, कारण तो त्या कॉर्डचा पाया आहे. ए मायनरमध्ये तो तिसरा सूर होतो आणि जरा कोमेजतो. एफमध्ये पाचवा होऊन उभा राहतो. एफचं एफ मायनर केलं की सा हलत नाही, पण खाली शुद्ध धचा कोमल ध होतो आणि एकदम संध्याकाळ होते. डी फ्लॅट मेजर सेव्हनमध्ये तोच सा सातवा सूर, पायापासून जवळजवळ सप्तकभर लांब, तरंगत असलेला.

कॉर्ड बदलणं म्हणजे मुळात एवढंच. चालीला हात लावायचा नाही, तिच्या पायाखालची जमीन बदलायची. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला नेमकं हेच खुपतं, हेही इथेच लक्षात घ्या. त्या कानासाठी सा म्हणजे सा. तो कुणाचा तिसरा, कुणाचा सातवा होत नाही. जॅझवाल्याला नेमकी त्यातच गंमत वाटते. हे भांडण शिकवून मिटणारं नाही आणि मिटवायची गरजही नाही. फक्त आपल्या बाजूला यातला कोण बसलाय, ते वाजवण्याआधी माहीत असावं.

तीन घरं

सगळ्यात सोपी अदलाबदल शेजाऱ्यांमध्ये होते. सीमध्ये सा-ग-प, ए मायनरमध्ये ध-सा-ग: तीनपैकी दोन सूर सारखे. सी आणि ई मायनरमध्ये ग आणि प सारखे. म्हणून सी, ए मायनर, ई मायनर हे एक घर. इथे गाणं विसावतं. एफ आणि डी मायनर हे दुसरं घर, म आणि ध दोघींत आहेत. इथे गाणं घराबाहेर पडलेलं असतं. जी आणि बी डिमिनिश्ड हे तिसरं, ज्यात नी आणि रे आहेत. ते गाण्याला परत साकडे ओढतं. एका घरातली कॉर्ड त्याच घरातल्या दुसरीने बदलली तर सहसा कुणी दचकत नाही.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर प्रत्येक शुद्ध स्वर या सात कॉर्ड्सपैकी बरोबर तिघींत सापडतो. हे तोंडपाठ व्हायला हवं, आणि त्यासाठी ठाणे–वाशी लोकलसारखी जागा नाही. ऐरोलीला सा: सी, एफ, ए मायनर. रबाळ्याला रे: जी, डी मायनर, बी डिमिनिश्ड. घणसोलीला ग: सी, ए मायनर, ई मायनर. कोपरखैरण्याला म: एफ, डी मायनर, बी डिमिनिश्ड. तुर्भ्याला प: सी, जी, ई मायनर. सानपाड्याला ध: एफ, डी मायनर, ए मायनर. वाशीला नी: जी, ई मायनर, बी डिमिनिश्ड. सात स्टेशनं, सात स्वर. मध्ये दिघा गाव स्टेशन झालं आणि माझा हिशेब बिघडला. तिथे मी खालचा नी म्हणतो आणि पुढे जातो.

आठवडाभर जाता-येता हे केलंत तर पुढचं सगळं निम्म्याने सोपं होईल. दारात उभे असाल तर मनातल्या मनात करा.

वाढदिवसाचं गाणं, एकेक बार

तीन मात्रांचे आठ बार. सुरुवातीचे दोन 'प' बारच्या आधी येतात, ते सोडून द्या. बारांमधली चाल अशी: पहिल्यात ध प सा, दुसऱ्यात नी. तिसऱ्यात ध प रे, चौथ्यात सा. पाचव्यात वरचा प, ग, सा. सहाव्यात नी ध, आणि त्याच्याच तिसऱ्या मात्रेवर पुढच्या ओळीचे म म. सातव्यात ग सा रे, आठव्यात सा. साध्या कॉर्ड्स: सी, जी, जी, सी, सी, एफ, मग सातव्यात दोन मात्रा सी आणि एक मात्रा जी, शेवटी सी.

आधी हे असंच, काहीही न बदलता, दहा वेळा वाजवा. कंटाळा आल्याशिवाय कॉर्ड बदलायचा हक्क मिळत नाही, असं माझं मत आहे.

आता एका वेळी एकच जागा बदलायची. चौथ्या बारमध्ये सीऐवजी ए मायनर धरा. चालीत सा आहे, तो ए मायनरमध्ये आहेच. ओळ संपते पण पूर्ण टेकत नाही, आणि पुढची ओळ आपोआप हवीशी वाटते. हा बदल मी कुठल्याही पार्टीत बिनधास्त करतो. आजपर्यंत एकाही आजीने वळून पाहिलेलं नाही.

तिसऱ्या बारमध्ये सबंध जीऐवजी पहिल्या दोन मात्रा डी मायनर, तिसरीला जी. चालीतला ध डी मायनरचा, शेवटचा रे जीचा. मधला प डी मायनरचा नाही, पण तो जाता जाता लागतो. डी मायनर–जी–सी ही जॅझची रोजची भाजी-पोळी आहे. ते लोक तिला टू-फाइव्ह-वन म्हणतात, कारण कॉर्ड्स दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावर उभ्या असतात.

पाचव्या बारमध्ये शेवटच्या मात्रेला सीची सी सेव्हन करा, म्हणजे कोमल नी मिळवा. ही ढकलणारी कॉर्ड. ती सहाव्या बारच्या एफकडे गाण्याला रेटते. युक्ती कुठेही चालते: ज्या कॉर्डवर पोचायचं आहे तिच्या पाचव्या सुरावरची सेव्हन कॉर्ड आधी ठेवायची. डी मायनरला जायचंय, आधी ए सेव्हन. ए मायनरला जायचंय, आधी ई सेव्हन. मात्र ई सेव्हनमध्ये कोमल ध असतो. चालीत त्याच वेळी शुद्ध ध किंवा लांबलेला प असेल तर सोडून द्या.

सहाव्यात पहिल्या दोन मात्रा एफ, आणि तिसऱ्या मात्रेला, म म येतात तिथे, एफ मायनर. माझी सगळ्यात लाडकी जागा. चालीतला म दोन्हीत पाया आहे, त्यामुळे गाणाऱ्यांना काही कळत नाही, फक्त त्यांचा आवाज आपोआप थोडा मऊ होतो. रेकॉर्ड करून ऐका, खरंच होतो.

ट्रायटोन, आणि आजींचं म्हणणं

जी सेव्हनमध्ये प, नी, रे, म असतात. त्यातले म आणि नी यांच्यात बरोबर तीन पूर्ण स्वरांचं अंतर आहे, म्हणून ट्रायटोन. जी सेव्हनची सगळी ओढ या जोडीत: नी वर साकडे धावतो, म खाली गकडे. आता डी फ्लॅट सेव्हन पाहा: कोमल रे, म, कोमल ध, नी. तीच जोडी! ओढ तीच, पाया वेगळा. म्हणून जी सेव्हनच्या जागी डी फ्लॅट सेव्हन ठेवता येते, आणि खालचा सूर कोमल रेवरून अर्धा स्वर घसरत सावर उतरतो. डी मायनर, डी फ्लॅट सेव्हन, सी असं सावकाश वाजवून बघा. जिना उतरल्यासारखं.

मग माझं काय चुकलं? मी ती सातव्या बारच्या तिसऱ्या मात्रेवर लावली आणि तिथे चालीत रे आहे. शुद्ध रे आणि पायात कोमल रे. याहून जवळची टक्कर नाही. म्हणून ही कॉर्ड लावण्याआधी चालीला विचारायचं. चालीत म किंवा नी असेल तर खुशाल लावा, ते दोघे कॉर्डमध्येच आहेत. प असेल तर चव तिखट होते. जॅझवाले मिटक्या मारतात, बाकीचे पाणी मागतात. सा किंवा रे असेल तर लावू नका. सा तिच्यातल्या नीशी भांडतो, रे पायाशी.

माझा गिटारवाला मित्र म्हणतो, रेवरसुद्धा चालते, ती टक्करच मजेची. त्याच्या कानाला चालत असेल. गेली तीस वर्षं तो बीबॉप, म्हणजे वेगवान, कॉर्ड्सनी भरलेला जॅझ, ऐकतोय. त्याच्या घरी मी ती तिथेही वाजवतो.

एक गोष्ट पुस्तकं पुरेशी ठासून सांगत नाहीत. बास गिटारवाला सोबत असेल तर तुमची बदललेली कॉर्ड निम्मी त्याच्या हातात असते. तुम्ही ए मायनर वाजवलीत आणि त्याने खाली सी धरला, तर ऐकणाऱ्याला ए मायनर ऐकूच येत नाही. ती सी सिक्स्थ होते. तुम्ही डी फ्लॅट सेव्हन लावलीत आणि तो जीवरच राहिला, तर जी सेव्हनचाच एक तिखट अवतार तयार होतो, घसरण नाहीशी. तेव्हा आधी सांगा. कागदावर लिहून द्या. डोळ्यांनी खुणावून फार तर ए मायनर कळते, डी फ्लॅट सेव्हन नाही.

रागातली चाल असेल तर

इथे आपल्याकडचे नवशिके सर्वाधिक फसतात, कारण ज्या व्हिडिओंवरून ते शिकतात त्यांत याचा उल्लेखच नसतो. चाल यमनातली असेल तर म तीव्र असतो. मग एफ गेली, डी मायनर गेली, आणि जी सेव्हनसुद्धा गेली, कारण तिघींत शुद्ध म आहे. त्यांच्याऐवजी डी मेजर आहे (रे, तीव्र म, ध), बी मायनर आहे (नी, रे, तीव्र म), आणि सी, जी, ए मायनर, ई मायनर जशाच्या तशा. एवढ्यात भरपूर फिरता येतं. सीवरून डी मेजरवर जाऊन परत सीवर या, यमनाचा चेहरा लगेच दिसेल.

भूपात म आणि नी दोन्ही नाहीत. म्हणजे साधी जीसुद्धा अडचणीची, तिच्यात नी आहे. तिथे जीमधला नी काढून ध घाला. प, ध, रे अशी जी सस टू मिळते, तिघेही भूपाचे. बाकी सी आणि ए मायनर. कॉर्ड्स कमी झाल्या म्हणून घाबरू नका. थोडक्याच कॉर्ड्स उलटसुलट मांडून, कुणाला खाली ठेवायचं ते बदलूनही खूप काही होतं.

सुगम गाणाऱ्या मंडळींना यातलं व्याकरण सांगत बसू नये. त्यांना एवढंच जाणवतं की तुम्ही वर्ज्य सूर लावलात की नाही.

शेजारी कोण बसलंय

१९५९ सालची गोष्ट. मार्च आणि एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमध्ये जॅझचा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस याने 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम रेकॉर्ड केला. त्यातल्या पहिल्या रचनेत सोळा बार एकच डी मायनरचा रंग, मग आठ बार अर्ध्या स्वराने वर, मग परत आठ बार खाली. बस्स. कॉर्ड्स काढून टाकल्या आणि वाजवणाऱ्याला मैदान मोकळं दिलं. त्या रेकॉर्डवर टेनर सॅक्सोफोन होता जॉन कोल्ट्रेनचा. त्याच कोल्ट्रेनने मे महिन्यात 'जायंट स्टेप्स' रेकॉर्ड केलं: वेगवान लय, सोळा बार, आणि त्यांत पांढरी सात, पांढरी पाच, काळी दोन अशा तीन पट्ट्यांमधून सतत उड्या. पियानोवर टॉमी फ्लॅनागनसारखा कसलेला माणूस होता, तरी त्याचा सोलो त्या गर्दीत अडखळताना स्पष्ट ऐकू येतो. दोन्ही आज जॅझचे मानदंड मानले जातात, आणि एकच माणूस दोन्हीकडे मनापासून वाजवत होता.

त्यामुळे "जास्त कॉर्ड्स म्हणजे जास्त जॅझ" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. ब्लूजमध्ये बारा बारांत तीन सेव्हन कॉर्ड्स असतात. चार्ली पार्करने त्याच बारा बारांत टू-फाइव्ह भरून वेगळी नक्षी काढली, ती सुंदर आहे. पण कोपरखैरण्याला आमच्यासोबत बसणारे एक काका जुन्या ब्लूजचे भक्त. त्यांच्यासमोर पाचव्या बारमध्ये काही घुसडलं की ते गिटार मांडीवर आडवी ठेवून चहा मागवतात. त्यांचंही बरोबर आहे: त्या संगीतात वाट बघण्यात मजा आहे, आणि मी वाट बघूच देत नाही.

मेटलवाल्या पोरांची गोष्ट निराळी, तिथे कारण भौतिक आहे. डिस्टॉर्शन लावलं की सूर एकमेकांत मिसळून नवे सूर जन्माला येतात. सा आणि पमध्ये ते गोड बसतात. तिसरा, सातवा, नववा सूर घातला की चिखल. म्हणून पॉवर कॉर्डमध्ये पाया आणि पाचवा एवढंच. त्यांना "मेजर सेव्हन लावून बघ" म्हणणं म्हणजे वडापावात श्रीखंड सुचवणं.

हिंदी-मराठी जुन्या गाण्यांवाल्यांना कॉर्ड्सचं वावडं असतं हा मात्र गैरसमज. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये गोव्याच्या वादकांनी आणि अरेंजर्सनी पाश्चात्त्य स्वरमेळ आपल्या चालींखाली कधीच आणून बसवला. सी. रामचंद्र आपले पुणतांब्याचे. १९५१ च्या 'अलबेला'त त्यांच्यासोबत ट्रम्पेटर चिक चॉकलेट होता, ज्याने मुंबईत जॅझ वाजवून नाव कमावलं होतं. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांचं कामही त्याच काळातलं. ती गाणी कॉर्डसाठी ऐका. बदल कुठे येतात? बहुतेक वेळा म्युझिक पीसमध्ये, नाहीतर गाणारा श्वास घेतो त्या फटीत. गाताना खाली साधंच असतं.

मी बैठकीत हाच हिशेब ठेवतो. मुखडा पहिल्यांदा येतो तेव्हा साधा वाजवायचा, गाणाऱ्याला पट्टी आणि भरवसा मिळू द्यायचा. दुसऱ्यांदा एखादा शेजारी बदल. अंतऱ्यावरून मुखड्याकडे परतताना एक ढकलणारी कॉर्ड. ट्रायटोन असलाच तर पूर्ण गाण्यात एक, तोही गाणारा थांबलेला असताना. नवीन माणसासोबत पहिलं गाणं सगळं साधं. गाणारा एकदम कानाकडे हात नेऊ लागला किंवा तुमच्याऐवजी तबलजीकडे बघू लागला, तर समजा कॉर्ड नडली; पुढच्या फेरीत काढून टाका, माफीबिफी नंतर. उलट एखाद्या बदलावर गाणारा स्वतःहून एखादी हरकत घेऊन गेला, तर तो बदल वहीत लिहून ठेवा, गाण्याच्या नावासह आणि गाणाऱ्याच्याही. माझ्या वहीत एकाच गाण्याची तीन पानं आहेत, तीन वेगवेगळ्या गळ्यांची.

आणि वाढदिवसाच्या गाण्याचा शेवटचा सा. सातव्या बारमध्ये साधी जी, रेला त्रास द्यायचा नाही. आठव्यात सगळे सा धरून ओरडत असतात, तेव्हा खाली सीऐवजी काळी चारवरची मेजर, म्हणजे ए फ्लॅट, तीन मात्रा. मग काळी पाचवरची, बी फ्लॅट, तीन मात्रा. मग सी. व्हिडिओ गेम खेळणारी पोरं ही चाल ओळखून जागच्या जागी उड्या मारतात. त्या दिवशीच्या मुलीच्या पुढच्या वाढदिवसाला मी हे वाजवलं. आजींनी वळून पाहिलं, भुवया उंचावल्या, आणि म्हणाल्या, "हं. परत वाजव."